विक्री बुडाली, पण नुकसान किती झालं?

व्यापारी वादांत नुकसानभरपाईचा आकडा काढून देणं हे माझं काम. फाइल हातात येते तेव्हा बुडालेल्या विक्रीची मोठी रक्कम बहुतेक वेळा आधीच लिहिलेली असते. ती नुकसान नव्हे. माल विकलाच गेला नाही तर त्याचा कच्चा माल, वाहतूक, दलाली हा खर्चही वाचला, तो वजा व्हायलाच हवा. भाडं आणि कायम नोकरांचे पगार मात्र चालूच राहिले, ते वजा करायचे नाहीत.

हे गणित सोपं आहे. अवघड आहे तो प्रश्न की आगळीक झालीच नसती तर काय घडलं असतं.

पोलरॉइड या कॅमेरा कंपनीने प्रतिस्पर्धी कोडॅकवर १९७६ साली झटपट छायाचित्रांच्या पेटंटवरून दावा लावला. १९८६ मध्ये कोडॅकला त्या धंद्यातून बाहेर पडावं लागलं. पोलरॉइडची मागणी सुमारे १२ अब्ज डॉलरची होती. १९९० मध्ये न्यायालयाने ९० कोटी ९० लाख डॉलर दिले, आणि त्यातली जवळपास निम्मी रक्कम व्याजाची. कोडॅक नसता तर त्याचं प्रत्येक गिऱ्हाईक पोलरॉइडकडेच आलं असतं, असं धरता येत नाही. जी विक्री खरोखर हिरावली गेली तिचा नफा मागायचा, उरलेल्यावर वाजवी रॉयल्टी, म्हणजे पेटंट वापरल्याचा मोबदला.

ती वाजवी रॉयल्टी ठरवताना नक्कल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दोघं राजीखुशीने बोलणीला बसले असते तर कुठे थांबले असते, अशी कल्पना करतात. त्यासाठी अमेरिकेतल्या १९७०च्या जॉर्जिया-पॅसिफिक खटल्यातले १५ मुद्दे अजून वापरात आहेत. पूर्वी कित्येक तज्ज्ञ सरसकट नफ्याच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करायचे. २०११ मध्ये युनिलॉक विरुद्ध मायक्रोसॉफ्ट प्रकरणात अपील न्यायालयाने तो ठोकताळा फेटाळला, आणि मला त्याचं मनापासून समाधान वाटतं. सगळ्या शोधांना एकच टक्केवारी लावणं म्हणजे मोजण्याचं काम टाळणं.

अलीकडे एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम केलं. बाहेर पडलेला भागीदार सोर्स कोड घेऊन गेला होता. मालकीणबाई म्हणाल्या, "लिहायला लागला तेवढाच खर्च धरा ना." मी म्हटलं, "बाई, खर्च थोडा आहे. त्याचा वेळ किती वाचला ते बघू." तोच कोड त्याला शून्यातून लिहावा लागला असता तर बाजारात यायला किती महिने गेले असते? त्या महिन्यांत त्याने पळवलेली गिऱ्हाइकं आणि तुम्हाला पाडावे लागलेले दर, खरं मोल तिथे सापडलं. पण त्याला पुरावा लागतो. त्या काळातली दरपत्रकं, निसटलेल्या ऑर्डरींच्या मेल, कोडमधल्या बदलांच्या तारखा त्यांनी जपून ठेवल्या होत्या. अहवाल त्यावरच उभा राहिला.