तुम्ही विचारलंत म्हणून: खिशात मावणारा कॅमेरा कोणता घेऊ?

"ताई, फोन आहेच, पण एक छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा म्हणतोय. कोणता घेऊ?" लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले विचारतात, गडावर भेटलेली मुलं विचारतात, आणि गेली दोन-तीन वर्षं कॉलेजात जाणाऱ्या भाच्याही विचारायला लागल्यात. मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने विचारलं. त्याच्याकडे बाळ झालंय, बारसं तोंडावर होतं. त्याला फोनवर अर्धा तास सांगत बसले, तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं.

विचारणारा बहुतेक वेळा दोन-तीन मॉडेलं हेरूनच येतो. याचे वीस मेगापिक्सेल, त्याचे सोळा, याचा झूम चाळीस पट, त्याचा चारच. मी त्याला उलट विचारते, संध्याकाळी सात वाजता तुमच्या घरात उजेड किती असतो? कारण भर दुपारी गच्चीत कुठल्याही कॅमेऱ्याने काढा, फोटो छानच येतो. छोट्या कॅमेऱ्यांमधला फरक उघडा पडतो तो दिवेलागणीनंतर. आणि आपण जपून ठेवतो ते फोटो कुठले असतात? पाळण्याभोवती जमलेल्या बायकांचे, औक्षणाच्या ताटामागच्या चेहऱ्यांचे, गणपतीच्या आरतीचे, ट्यूबलाइटखाली जेवायला बसलेल्या आजोबांचे. सगळे घरातले, सगळे अपुऱ्या उजेडातले.

माझी परीक्षा ठरलेली आहे. कुणाचाही कॅमेरा हातात आला की मी तो आमच्या देव्हाऱ्यापुढे नेते. बाकीचे दिवे बंद, फक्त समई. मूर्तींच्या मागे लाल खणाचं कापड लावलेलं आहे, त्याची वीण अगदी बारीक आहे. फोटो काढायचा, स्क्रीनवर मोठा करायचा आणि त्या खणाकडे बघायचं. चांगल्या कॅमेऱ्यात काठाजवळचा एकेक ठिपका सुटा दिसतो. कमी कुवतीच्या कॅमेऱ्यात तोच खण ओल्या बोटाने पुसल्यासारखा होतो. उजेड पुरत नाही म्हणून कॅमेरा आपली संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवतो. त्याने फोटोत दाणे उठतात. ते दाणे लपवायला आतलं सॉफ्टवेअर चित्रावरून बोळा फिरवतं, आणि दाण्यांबरोबर वीणही पुसली जाते. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचं अगदी हेच होतं. त्वचा मेणाची होते. मला तो फोटो आजीचा वाटत नाही.

खण टिकतो की पुसला जातो हे सगळ्यात जास्त ठरवतो सेन्सर. त्याची मापं मात्र चकवणारी असतात. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या व्यासावरून ती पडली आहेत, त्यामुळे "१ इंच" म्हणवणाऱ्या सेन्सरचा कर्णसुद्धा १६ मिलिमीटरच्या आसपासच भरतो. म्हणून मी आपली स्वयंपाकघरातली मापं सांगते. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात, मग त्याचा झूम चार पट असो की चाळीस पट, बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो. तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीचा एक दाणा. १ इंची सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे चिंचोका. आणि रिकोच्या जीआरसारख्या कॅमेऱ्यातला एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे छोटं टपाल तिकीट. डाळीच्या दाण्याच्या चौपट क्षेत्रफळ चिंचोक्याचं, आणि चिंचोक्याच्या तिप्पट तिकिटाचं. एकाच समईचा उजेड गोळा करायला कुणाची परात मोठी, ते यावरून कळतं.

मेगापिक्सेलचा आकडा या भांडणात फारसा कामाचा नाही, हे कंपन्यांनी स्वतःच दाखवून दिलंय. २००६ मध्ये इतरांची धाव आठ-दहा मेगापिक्सेलकडे चालली असताना फुजीने एफ३० हा सहाच मेगापिक्सेलचा कॅमेरा काढला, आणि कमी उजेडातल्या फोटोंसाठी त्याचं नाव लोक अजून काढतात. कॅननचा जी१० आला २००८ मध्ये, १४.७ मेगापिक्सेलचा. पुढच्याच वर्षीचा जी११ किती मेगापिक्सेलचा होता? दहा. सेन्सर तेवढ्याच मापाचा ठेवून त्यांनी आकडा खाली आणला, आणि अंधारातले फोटो सुधारले. जाहिरातीत कमी आकडा छापायला धैर्य लागतं. मला तो निर्णय फार आवडला होता. त्याच २००९ सालचा कॅननचा एस९० हा माझा पहिला मनासारखा छोटा कॅमेरा. लेन्सभोवती फिरणारी कडी, रुंद टोकाला, म्हणजे झूम न ओढता, एफ २ अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं), आणि सलवार-कमीजच्या खिशात सहज मावायचा.

आता फोनचं. हल्लीच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर डाळीच्या दाण्यापेक्षा मोठा असतो, शिवाय फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो. त्यामुळे समईपुढे साधा कॉम्पॅक्ट फोनला हरतो, आणि चांगलाच हरतो. "फोनपेक्षा भारी फोटो येतील" म्हणून कुणी साधा, लहान सेन्सरचा कॅमेरा घेत असेल तर मी थांबवते.

पण भाचीला मी थांबवलं नाही. तिला हवा होता तो २०१० च्या आसपासचा एखादा चपटा डिजिटल कॅमेरा, मैत्रिणींचे रात्रीचे फोटो काढायला. तिचं बरोबर आहे. त्या कॅमेऱ्यांत झेनॉनचा खरा फ्लॅश असतो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लखकन उजळतो आणि विझतो, त्यामुळे नाचताना उडालेले केससुद्धा जागच्या जागी थिजतात, चेहरे उजळ येतात आणि मागचं सगळं काळोखात बुडतं. फोनचा एलईडी दिवा मिणमिणता, तो हे करू शकत नाही. शिवाय हातात धरायला वेगळी वस्तू आहे, मधेच मेसेज येत नाही. जपानी कंपन्यांनी २०१० या एका वर्षात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात धाडले होते, त्यातले बहुतेक असे छोटेच. २०२३ मध्ये न बदलणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यांचा हा आकडा वीस लाखांच्याही खाली होता. म्हणून नवे फारसे मिळत नाहीत आणि जुने कपाटाकपाटांत पडून आहेत. विकत घेण्याआधी मामाचं कपाट उघड, असं मी तिला सांगितलं. तिथे एक निघालाही.

मावसभावाचा प्रश्न वेगळा होता. त्याला बाळाचे फोटो हवेत, घरात, फ्लॅश न मारता. म्हणजे चिंचोका हवाच. त्याने दोन नावं काढली होती, दोन्ही सेकंडहँड: सोनीचा पहिला आरएक्स१०० आणि कॅननचा पहिला जी७ एक्स. कागदावर दोघे सख्खे भाऊ. १ इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल, अ‍ॅपर्चर एफ १.८ पासून सुरू. आरएक्स१०० आला २०१२ मध्ये, आणि खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात एवढा सेन्सर बघून आम्ही सगळे चकित झालो होतो. वजन फक्त २४० ग्रॅम. जी७ एक्स दोन वर्षांनी आला, ३०४ ग्रॅमचा, थोडा जाडही. खिशाचा विचार केला तर सोनी जिंकतो.

पण लेन्सच्या दुसऱ्या टोकाकडे कुणी बघत नाही, आणि बाळाचा चेहरा जवळ घ्यायला तर झूमच लागतो. आरएक्स१०० चा झूम पूर्ण ओढला की अ‍ॅपर्चर एफ ४.९ वर येतं. एफ १.८ च्या मानाने आत येणारा उजेड सातव्या हिश्श्याहूनही कमी. जी७ एक्स तेवढाच झूम ओढून एफ २.८ वर थांबतो, म्हणजे उजेड निम्म्याहून थोडा कमी उरतो, एवढंच. हे शटरच्या, म्हणजे फोटो निघायला लागणाऱ्या वेळेच्या, भाषेत सांगते. एखाद्या खोलीत रुंद टोकाला सेकंदाच्या साठाव्या भागात फोटो निघतोय असं धरा. झूम ओढल्यावर जी७ एक्सला पंचविसावा भाग लागेल, आरएक्स१०० ला आठवा. हाताचा कंप स्थिरीकरण सांभाळून घेईल, बाळाच्या मुठी कोण सांभाळणार? आठव्या भागात त्या हलतातच. नाहीतर कॅमेरा आयएसओ वाढवतो, आणि मग खणाची गोष्ट आहेच. शिवाय जी७ एक्सचा स्क्रीन वर पूर्ण वळतो, बाळाला मांडीवर घेऊन स्वतःसकट फोटो काढता येतो. पहिल्या आरएक्स१०० चा स्क्रीन पक्का बसवलेला.

सोनीने हे २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत सुधारलं. झूम ७० मिलिमीटरपर्यंत आखडता घेतला (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं; पहिल्या आरएक्स१०० चा १०० होता), झूम ओढल्यावरही एफ २.८ राखलं आणि वर उघडणारा, डोळा लावून बघायचा छोटा व्ह्यूफाइंडरही दिला. त्या मालिकेतला माझा सर्वात आवडता तोच. २०१९ च्या सातव्या आवृत्तीत झूम २०० मिलिमीटरपर्यंत गेला, पण अ‍ॅपर्चर सुरूच होतं एफ २.८ ला. प्रवासाला उत्तम, देव्हाऱ्यापुढे कमी. जी७ एक्सची तिसरी आवृत्तीही २०१९ ची. ती समाजमाध्यमांवर इतकी गाजली की मध्यंतरी मिळेनाशी झाली. तिच्यासाठी छापील किमतीच्या वर पैसे मोजू नका.

रिको जीआर ३ बद्दलही लोक विचारतात. २५७ ग्रॅम वजन, आणि आत टपाल तिकिटाएवढा सेन्सर. झूम नाही, फ्लॅश नाही, धूळ-पावसापासून बचावाची सील नाही. इतकं नसूनही मी तो वारीत मैत्रिणीकडून मागून घेतला, त्याचं कारण फोकस. छोट्या कॅमेऱ्यात बटण दाबणं आणि फोटो निघणं यात जो वेळ जातो तो बहुतेक फोकस शोधण्यात. रिंगणात माउलींचा अश्व समोरून जातो तो डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. साध्या कॅमेऱ्याने मी कितीतरी वर्षं नुसती शेपटी टिपली. मग एका काकांनी शिकवलं: समोरच्या विणेकऱ्यांच्या पायांवर बटण अर्धं दाबून धर, फोकस तिथे बांध, आणि अश्व त्या रेषेत आला की उरलेलं अर्धं दाब. त्या वर्षी पहिल्यांदा चारही टाप जमिनीवरून सुटलेला फोटो मिळाला. जीआरमध्ये त्याहीपेक्षा सोपं आहे. अडीच मीटरवर फोकस आधीच ठरवून ठेवायचा आणि बटण एका दमात दाबायचं, कॅमेरा काही शोधत बसत नाही. अ‍ॅपर्चर एफ ५.६ ठेवलं तर दीड मीटरपासून पुढे दहा-बारा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. गर्दीत माणसांच्या जवळ जाणाऱ्याने हाच घ्यावा. लांबून टिपणाऱ्याने मुळीच घेऊ नये.

पावसाळी ट्रेकवाल्यांसाठी ऑलिंपसचा टफ टीजी-६. पंधरा मीटर पाण्यात चालतो आणि फुलाला जवळजवळ टेकवून फोटो काढता येतो. सेन्सर डाळीचा दाणाच, त्यामुळे रात्री मुक्कामाला त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

जुना घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. मी एका दुकानातून घेतलेला कॅमेरा बाहेरून कोरा करकरीत होता. घरी आणून समईचा फोटो काढला तर ज्योतीभोवती धुकं. फोनचा टॉर्च लेन्सवर तिरका मारून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. दुकानदाराने परत घेतला नाही. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, चार महिने चामडी पाकिटात कॅमेरा ठेवला की हेच होतं. तेव्हापासून मी दुकानातच टॉर्च मारते, झूम पाच-सहा वेळा आत-बाहेर करून मोटरचा आवाज ऐकते, आणि बॅटरी टेबलावर ठेवून बोटाने फिरवून बघते. भोवऱ्यासारखी गरगरली तर ती फुगलेली आहे. कार्डही विचारा. फुजी-ऑलिंपसच्या जुन्या कॅमेऱ्यांची एक्सडी कार्डं आता नवी मिळत नाहीत, आणि २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखतच नाहीत. पेन्सिल सेलवर चालणारे कॅननचे ए मालिकेतले कॅमेरे, जसा ए५९० आयएस, बॅटरीच्या बाबतीत सुखाचे. सेल कुठेही मिळतात. रिचार्जेबल घ्या, साधे पटकन बसतात. आणि घरी कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

मावसभावाने शेवटी जी७ एक्स घेतला. बारशाच्या आदल्या दिवशी तो घेऊन आमच्याकडे आला. मी न बोलता समई लावली, दिवे घालवले. त्याने झूम पूर्ण ओढला, कोपर चौकटीला टेकवून श्वास रोखला. स्क्रीनवर फोटो मोठा करत करत तो खणापर्यंत आला आणि ठिपके मोजायला लागला.