बाईंची पेटी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि कोणावर लिहायचं हा प्रश्नच पडला नाही. संगीताच्या बाई! त्यांचं नाव लिहीत नाही, आपल्यातल्या कुणालाच ते सांगावं लागणार नाही.

आठवीतला एक तास. बाईंनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, पुढ्यात ओढली, काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरला आणि नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवल्या. राग भूप. भाता न थांबवता म्हणाल्या, "आता काळी पाचला सा समजा." पट्ट्या त्याच, आणि वर्गात मालकंस! काळी एकला सा धरला तर दुर्गा, काळी दोनला धानी, काळी चारला मधमाद सारंग. काळ्या-पांढऱ्या मिळून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर एक धरलं, तर दोन-दोन-तीन-दोन-तीन हीच अंतरं गोल फिरत राहतात, सुरुवात तेवढी बदलते. याला मूर्च्छना म्हणतात हे त्यांनी अगदी शेवटी सांगितलं, आधी आमच्या कानांना कळू दिलं. असं शिकवणारं मला पुढे कुणी भेटलं नाही.

मग त्यांनी तानपुरा छेडला. खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेतून आपोआप उमटणारा गंधार, म्हणजे ग, ऐकवला आणि लगेच पेटीचा. पेटीचा चढा! सप्तकाचे बाराशे बारीक भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे सेंट, आणि हा फरक जेमतेम १४ सेंटांचा, हा हिशेब मी फार उशिरा शिकलो. ऐकू मात्र त्याच दिवशी आला.

आज मी पेट्या दुरुस्त करतो, ट्यूनिंग करतो. रीड, म्हणजे सूर काढणारी धातूची पातळ पट्टी, टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. गायक मंडळी गंधार-धैवत तानपुऱ्याशी जुळवून मागतात, तेव्हा बाईच आठवतात. कारण काळी तीनच्या भूपासाठी असे स्वर लावले, की काळी पाचचा मालकंस सुरेख लागतो, पण काळी चारच्या सारंगात पंचमच सुमारे २२ सेंट उतरतो. ऐकवत नाही. लगतच्या पट्ट्यांमधली सगळी अंतरं सारखी ठेवली तर पाचही राग निघतात, पण गंधार खुपतो. दोन्ही एकदम साधत नाही, आणि दोन्ही बाजू बाईंनी आम्हाला आठवीतच ऐकवल्या होत्या.

हल्ली शाळेत कीबोर्डवर प्रार्थना होते असं ऐकलं. वाईट वाटलं. बाईंची पेटी कुठे अडगळीत असेल तर कृपया भंगारात देऊ नका. मी येऊन भाता बदलीन, रीड लावीन. पैसे घेणार नाही.