फॉर्ममध्ये नसलेला रकाना

दरवर्षी आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या शाळाप्रवेशाचे, फॉर्म सुटले की माझ्या दुकानाच्या पायरीवर चपला ठेवायला जागा उरत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे एका बोळात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक पंखा, आणि पंख्याखालची जागा मिळावी म्हणून लवकर येऊन बसणाऱ्या बायका. उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी पदराखाली. प्रश्न सगळ्यांचा एकच, "नंबर लागंल का हो?"

हक्क हा शब्द त्या कायद्याच्या नावातच आहे. २००९ साली झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळालंच पाहिजे, असं तो म्हणतो. आमच्या भागात मात्र आरटीई म्हणजे खासगी शाळेत गरीब घरच्या मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागा, आणि त्या जागा म्हणजे सोडत. एका रिक्षावाल्याने मला विचारलं होतं, चिठ्ठी निघाली तरच मिळतो तो हक्क कसला? मी त्याला समजावलं, बाबा, हक्क शिक्षणाचा आहे, सोडत फक्त त्या एका शाळेपुरती. तो म्हणाला, "म्हणजे पंगतीत बसायचा हक्क आहे, श्रीखंडाचा नाही." मला यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

२०२४ साली तर कहरच झाला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने या जागा द्यायची गरज नाही, असा बदल सरकारने केला. लोकांनी फॉर्म भरले. मे महिन्यात हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली, मग सगळे फॉर्म नव्याने. जुलैमध्ये तो बदल कोर्टाने रद्दच केला. त्या मेच्या उन्हात तीच माणसं, त्याच पिशव्या घेऊन परत माझ्या पायरीवर. दुसऱ्यांदा भरायचे मी पैसे घेतले नाहीत. प्रिंटचे तेवढे घेतले, शाई मलाही फुकट मिळत नाही.

या वर्षी एक आजी नातीला घेऊन आल्या. पोरगी सहाच्या आसपास, दोन वेण्या, एक सुटलेली. आजींनी शाळांची नावं पाठ करून आणली होती. कुणीतरी सांगितलं होतं तशी, इंग्लिश मीडियम, बस येते, टाय असतो. मी टाइप करत होतो. जन्मतारीख, आईचं नाव, बापाचं नाव, उत्पन्न, घरापासून शाळेचं अंतर. सगळ्याला रकाना होता. मग माझं मलाच काय वाटलं कोण जाणे, मी पोरीला विचारलं, "तुला कुठल्या शाळेत जायचंय गं?"

तिने आधी आजीकडे बघितलं. मुलं हे असं बघतात, उत्तर द्यायची परवानगी आहे का ते. आजी हसल्या, तेव्हा म्हणाली, "झोपाळा आहे तिथं."

आजी म्हणाल्या, "झोपाळा काय फारमात लिवायचा काय गं?" दुकानातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो.

रात्री शटर ओढताना ते हसणं आठवलं आणि जरा लाज वाटली. कारण असं मला कुणी विचारलेलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते मला पक्कं माहीत आहे.

माझी आई विड्या वळायची. आमच्या घरात तेलुगू, म्हणून ती अम्मा. मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, एका बाजूला तंबाखूचा ढीग. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, दोऱ्याने बांधायचं. हजार झाल्या तर त्या दिवसाची मजुरी पुरी. कारखान्यात नेल्यावर तिथला माणूस हातात घेऊन बघायचा आणि न आवडलेल्या विड्या बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. शाळेतून आलो की दप्तर खुंटीला आणि मी अम्मासमोर. माझं काम विडीचं तोंड बंद करायचं. वळलेल्या विडीच्या टोकाची पानाची कड अंगठ्याच्या नखाने आत दुमडायची. ऐकायला काहीच नाही. तीनशे झाल्यावर नखाखाली पान शिरतं, आणि चारशेनंतर ते दुखायचं थांबतं. तंबाखूची धूळ नाकात, ठसका घरभर. बाहेर पोरं गोट्या खेळताना भांडायची, त्यांचा आवाज यायचा. कोण जिंकलं ते मला आवाजावरून कळायचं.

माझा अंगठा कायम तपकिरी असायचा. चौथीत एका गुरुजींना वाटलं की मी तंबाखू खातो. त्यांनी त्याच अंगठ्यावर पट्टी मारली, कडेने, पाच वेळा. मी खरं सांगितलं नाही. घरचं काम सांगायची लाज जास्त होती, पट्टीचं दुखणं कमी. आजचा शिक्षण हक्क कायदा, कलम १७, मुलाला शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही मनाई करतो. तेव्हा गुरुजींनी मारलं असं घरी सांगितलं तर घरीही एक मिळायची.

अम्माला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. तिने मला शाळेतून काढलं नाही, ही तिची केवढी लढाई होती हे मला आता कळतं. माझ्यासोबतच्या दोघी-तिघी मुली पाचवीनंतर घरी सुपापुढे बसल्या त्या बसल्याच. त्यांच्या आयाही वाईट नव्हत्या. मजुरी विड्यांच्या संख्येवर असली की घरातला प्रत्येक हात मोजला जातो, छोटा असला तरी.

खूप वर्षांनी, दुकान टाकल्यावर, कुणाच्या तरी कामासाठी बालकामगार कायदा डाउनलोड केला. १९८६ चा. मुलांना ज्या कामांना लावायची बंदी त्यांची यादी शेवटी होती. त्यात प्रक्रियांच्या यादीत पहिल्या नंबरला विडी वळणे. गालिचे, सिमेंट, काडेपेटी सगळं त्याच्या खाली. मी ते पान प्रिंट काढून बराच वेळ धरून बसलो. म्हणजे मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून दिल्लीत कुणाला तरी आमच्या घरातलं सूप माहीत होतं! मग पुढे वाचलं. घरच्यांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला ही बंदी लागू नाही. झालं. आमचं सूप त्या एका वाक्यातून निसटलं होतं, आणि आमच्यासारखी हजारो सुपं. २०१६ मध्ये कायदा बदलला. चौदाच्या आतल्या मुलाला, बालकलाकाराचं काम सोडलं तर, कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात शाळा सुटल्यावर हातभार लावायची मुभा राहिली, पण धोक्याच्या कामात तीही नाही.

दुसरी एक तारीख मला त्याच रात्री सापडली. २० नोव्हेंबर १९८९, संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला. मी तेव्हा अकरा वर्षांचा, अंगठा तपकिरी. त्यात कलम ३१ आहे, विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क. कलम १२ सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि वयाप्रमाणे त्याला वजन द्यायचं. मूल म्हणेल तेच करा असं त्यात नाही. आमच्याकडे लोकांना तीच भीती असते, की पोरांना हक्क सांगितले की पोरं डोक्यावर बसतात. माझ्या अनुभवात डोक्यावर बसतात ती ज्यांचं कधी ऐकलंच जात नाही ती.

कागद वाचायची सवय एकदा उपयोगी पडली. दिवाळीनंतर एक माणूस दहा वर्षांच्या भाच्याला घेऊन आला. बहीण-मेहुणे कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले, या खेपेला पोराला फडावर न नेता मामाकडे सोडलेलं. शाळेचं म्हणणं, आधी गावाकडून टीसी आणा. गावाकडचे म्हणत होते, आई-बापाने येऊन सही करावी. आई-बाप फडात. पोरगं तीन आठवडे मामाच्या यंत्रमागावर सुताच्या कांड्या उचलत बसलेलं. मी शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ काढून दिलं. टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, ते कलम १४. दोन्हीवर पिवळा हायलायटर मारला. मामा म्हणाला, "हे दाखवलं तर साहेब चिडतील की." मी म्हटलं, चिडू दे, फक्त आवाज चढवू नका, कागद टेबलावर ठेवा आणि उभे राहा. चौथ्या दिवशी पोरगं गणवेशाशिवाय का होईना, वर्गात होतं. मामाने मला शेंगाचटणीची पुडी आणून दिली. भाच्याला शाळेत घेतलं ती साहेबांची मेहेरबानी, असंच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

कायद्यातली भोकं मलाही दिसतात. आठवी झाली की नववीची फी किती, हे विचारत तीच माणसं परत येतात, कारण हक्क चौदाव्या वर्षी संपतो आणि मूल काही संपत नाही.

तर ती झोपाळ्याची पोरगी. झोपाळा काही कायद्यात नाही, पण शाळेला काय काय हवं त्याची यादी कायद्याच्या शेवटी आहे. मुलामुलींना वेगळं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, आणि खेळाचं मैदान. म्हणजे ती काही वेडंवाकडं मागत नव्हती, जवळपास तेच सांगत होती.

सोडतीत तिचं नाव पहिल्या यादीत आलं नाही, प्रतीक्षा यादीत आलं आणि मग लागलं. आजी प्रिंट घ्यायला आल्या, पेढे घेऊन. त्या शाळेवरून मी रोज गाडीवर जातो, तेव्हा पोरीला म्हटलं, "मैदान आहे बघ तिथं, मोठं. झोपाळा काय दिसला नाही मला."

ती थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "झाड आहे का मैदानात?"

ते मी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी गाडी वळवली आणि गेटातून डोकावलो. दोन आहेत, कडुलिंबाची. एकाची फांदी चांगली जाड आहे.