हिरा नको, मग काय?

साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी लागते, हे आमच्या घरात नक्की कधी ठरलं ते कुणालाच सांगता येणार नाही. आजीच्या वेळी ओटी भरली, साखरेचा पुडा हातात दिला आणि चार वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या की लग्न ठरलं. आईच्या वेळी अंगठी आली, पण सोन्याची, वर एखादं फूल. माझ्या वेळी त्या फुलाच्या मधोमध एक अमेरिकन डायमंड येऊन बसला. आणि आता भाचीच्या वेळी ‘मुलगा काय करतो?’च्या पाठोपाठ ‘किती सेंटचा हिरा?’ हा प्रश्न येतो.

भाची दातांची डॉक्टर आहे. तिने सांगून टाकलं, हिरा नको. खाणीतल्या मजुरांचं शोषण, आफ्रिकेतली युद्धं, किमती, यातलं कुठलंही कारण दिलं असतं तर घरच्यांनी समजून घेतलं असतं. ती म्हणाली, “मावशी, मी दिवसभर हिऱ्यानेच दात कोरते गं. ड्रिलच्या टोकाला हिऱ्याची पूड लावलेली असते. तेच पुन्हा बोटात घालून मिरवू?” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली.

खरं तर हिऱ्याचं अप्रूप आपल्याला नवं नाही. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला लागणारे बहुतेक हिरे आपल्याच देशातून जात. गोवळकोंड्याचं नाव सगळे घेतात. आपल्या गडचिरोलीतल्या वैरागडलाही हिऱ्याची खाण होती, आणि अकबराच्या दरबारी नोंदींतही ती आहे, हे मात्र मराठी माणसालाही सांगावं लागतं. पण तेव्हा हिरा ज्याच्याकडे असे तो राजा नाहीतर सावकार. त्यांच्या घरच्या बायका कानात हिऱ्याच्या कुड्या घालत. बाकीच्यांसाठी ‘हिरा सगळ्यांना लाभत नाही’ हे वाक्य पुरेसं होतं. वाङ्‌निश्चयाशी त्याचा संबंध नव्हता. तो जोडला अमेरिकेतल्या जाहिरातवाल्यांनी. ‘हिरा कायमचा असतो’ या अर्थाची डी बिअर्स या हिरे कंपनीची ती प्रसिद्ध ओळ 1947 मध्ये फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईने लिहिली. तिने स्वतः कधी लग्न केलं नाही. हे मी भाचीच्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणूनच सुचलं असेल.”

तर हिरा नको, मग काय? हिऱ्याची एक मोठी सोय असते, ती अशा वेळी कळते. हिरा घेतला की पुढे कुणी काही विचारत नाही. दुसरं काहीही घ्या, प्रत्येक नातेवाइकाला खुलासा द्यावा लागतो.

भाऊजींचं मत पडलं, प्रयोगशाळेतला हिरा घ्या. सुरतेत आता ढिगाने बनतात. हिऱ्याचीच एक पातळ चकती बी म्हणून ठेवायची, बंद भांड्यात मिथेन आणि हायड्रोजन सोडून ते वायू प्रचंड तापवायचे, आणि काही आठवड्यांत कार्बनचे थर चढून हिरा तयार. 2023 मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना दिलेला साडेसात कॅरटचा हिरा असाच होता, हे भाऊजींनी दोनदा सांगितलं. पण तो रसायनाने, कठीणपणाने, चमकेने हिराच. ज्या मुलीला हिराच नको, तिला तो स्वस्तात मिळतो म्हणून सांगण्यात काय हशील? शिवाय गेल्या काही वर्षांत त्याचे भाव असे घसरले आहेत, की आज घेतलेला उद्या महाग वाटतो. “मोडायला नेला तर काय येईल?” हा प्रश्न अर्थातच आईचा. त्याचं उत्तरही तिनेच दिलं: सराफ खड्याचं वजन वजा करतो आणि सोन्याचा भाव देतो. त्या तराजूत खाणीतला हिरा, सुरतेचा हिरा आणि काच यांची पत एकच. आईच्या या एका वाक्याने निम्मी चर्चा मिटली.

मग लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफांकडे गेलो. त्यांनी आधी मॉइसनाइट दाखवला. त्याची गोष्ट मला फार आवडते. आंरी म्वासां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला 1893 मध्ये ॲरिझोनातल्या उल्काविवराजवळच्या दगडांत बारीक स्फटिक मिळाले. त्याला ते हिरे वाटले. पुढे 1904 मध्ये त्यालाच कळलं, की हे सिलिकॉन कार्बाइड आहे. दोन वर्षांनी त्याला नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी. खड्याला मात्र त्याचं नाव लागलं. निसर्गात हा इतका दुर्मीळ, की अंगठीतला प्रत्येक मॉइसनाइट प्रयोगशाळेतलाच असतो. कठीणपणा दहापैकी सव्वानऊ, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. उष्णता असा वाहून नेतो, की सराफांच्या हिरा तपासायच्या साध्या पेनाला तो हिराच वाटतो. आणि रंग फेकतो हिऱ्याच्या दुपटीहून जास्त. दुकानातल्या दिव्यांखाली त्याने गणपतीतल्या रोषणाईसारखा असा काही झगमगाट केला, की भाचीने हात मागे घेतला.

“लांबून कुणाला कळत नाही, ताई,” सराफ म्हणाले. मॉइसनाइटवर यापेक्षा मोठा अन्याय नसेल. हिऱ्यापेक्षा जास्त झळकणारा खडा, आणि त्याची शिफारस काय, तर हिरा नाही हे कळणार नाही! अमेरिकन डायमंडचंही तेच. सत्तरच्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत बसवली. तेव्हापासून बिचारा आपल्याकडे दुसऱ्याच्या नावाने ओळखला जातो. मला वाटतं, हिऱ्याला पर्याय घ्यायचा तर त्याने हिऱ्याचं सोंग घेऊ नये. रंगीत असावा, वेगळा असावा. हात पुढे केला की समोरच्याने ‘हे काय आहे?’ असं विचारावं.

रंगीत म्हटल्यावर नीलम निघणार, आणि नीलम निघाला की शनी निघणार. सराफांनी निळ्या खड्यांची पुडी उलगडली मात्र, माझा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, खुर्चीत ताठ बसला. नीलम लाभला तर राजा, नाहीतर रस्त्यावर. आधी उशीखाली ठेवून पाहायचा, वाईट स्वप्नं पडली तर परत करायचा. “आणि साखरपुड्याला? शनीचा खडा?” आता डायनाच्या बोटातही बारा कॅरटचा सिलोनी नीलमच होता. तो दाखला द्यायला मी तोंड उघडलं आणि तिच्या संसाराचं पुढे काय झालं हे आठवून मिटलं. मामाला आयताच मुद्दा मिळाला असता. तीच अंगठी 2010 मध्ये सुनेच्या बोटात गेली आणि तिचं बरं चाललंय, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

मामाला त्या वेळी सांगण्यासारखं दुसरंच काही होतं. माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची दोन रूपं. दोन्ही ॲल्युमिनियम ऑक्साइड. क्रोमियमचा अंश आला की लाल, लोह आणि टायटॅनियम आलं की निळं. माणिक सूर्याचं, नीलम शनीचा. पुराणात शनी सूर्याचाच मुलगा आणि बापलेकांचं वैर. ज्या कुणी ही वाटणी केली, त्याला भूगर्भशास्त्र ठाऊक असायचं कारण नव्हतं, तरी दोघांना एकाच घरातले ठरवून तो मोकळा झाला. मामा हे सगळं मन लावून ऐकून म्हणाले, “म्हणजे माणिकसुद्धा नको.”

मोत्याचं नाव आईने काढलं. आपल्या दागिन्यांत मोत्याला केवढा मान! नथ मोत्याची, तन्मणी मोत्याचा, चिंचपेटी मोत्याची. पण नथ सणासुदीला घालतो आणि पुन्हा डबीत ठेवतो. अंगठी रोजची. मोत्याचा कठीणपणा अडीचच्या आसपास, लिंबाचा रस आणि घाम त्याचे वैरी. दिवसातून वीस वेळा हात धुणाऱ्या बाईच्या बोटात तो वर्षभरात निस्तेज होईल. पाचू दिसायला देखणा, पण बहुतेक पाचूंच्या पोटात भेगा असतात आणि त्या तेलाने भरलेल्या असतात. चंद्रकांत, म्हणजे मूनस्टोन, तर धुळीनेही झिजतो, कारण साध्या धुळीतल्या वाळूचे कण त्याच्यापेक्षा कठीण. कठीण असणं आणि दणकट असणं यातही फरक आहेच. खरा हिरा ऐरणीवर घणाचा घाव सोसतो अशी आपली जुनी समजूत. प्रत्यक्षात घाव वर्मी बसला तर हिऱ्याचे सरळ तुकडे पडतात. कुणी प्रयोग करू नये.

मला मधेच वाघोलीची आठवण झाली. पुण्याच्या उंबऱ्यावरच्या त्या दगडखाणींत कॅव्हनसाइट नावाचं खनिज मिळतं. असा निळा रंग, की बघणाऱ्याला तो कुणीतरी वरून लावलाय असंच वाटतं. जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. जळगावकडचं हिरवट ॲपोफिलाइटही तसंच. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत ही दौलत भरलेली आहे. पण सगळी नाजूक, कपाटात ठेवून बघायची. मराठी मुलीच्या बोटात सह्याद्रीचा दगड, ही कल्पना मी तिथेच सोडून दिली.

शेवटी भाचीनेच एका पुडीवर बोट ठेवलं. आत राखाडी-जांभळा, पावसाआधीच्या आभाळाच्या रंगाचा खडा. स्पिनेल. कठीणपणा आठ, सहसा तडकत नाही, आणि नीलम-माणकांना रंग यावा म्हणून देतात तसा ताप याला बहुधा द्यावा लागत नाही. बनावट स्पिनेल पुष्कळ मिळतो, म्हणून प्रयोगशाळेचा दाखला मात्र हवा. हा गडी शतकानुशतकं माणिक म्हणूनच मिरवला. मध्य आशियातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेले लाल स्पिनेल मुघल बादशहांनी नावं कोरून घेऊन गळ्यात घातले. इंग्लंडच्या राजमुकुटावर समोरच जो मोठा ‘माणिक’ आहे, तोही स्पिनेलच, आणि कलिनन नावाच्या हिऱ्यातून कापलेला तो प्रचंड खडा त्याच्या खाली बसवलेला आहे. माणिक आणि स्पिनेल वेगळे, हे 1783 मध्ये एका फ्रेंच अभ्यासकाने स्पष्ट केलं, तोवर कुणाची तक्रार नव्हती.

“कुठल्या ग्रहाचा?” मामांनी विचारलं.

“कुठल्याच नाही. नवरत्नांत हा बसत नाही,” सराफ म्हणाले.

मामांनी बराच विचार केला. ज्याला ग्रह नाही त्याला दोषही नाही, आणि दोष नाही त्याला शांतही नाही. त्यांच्याजवळ बोलायला काही उरलं नाही. बाकीच्या नातेवाइकांचंही असंच झालं. ज्याचं नावच ऐकलेलं नाही, त्याला नाव ठेवायचं कसं? होणाऱ्या जावयाने व्हिडिओ कॉलवर खडा पाहिला आणि “छान आहे, तिला आवडला ना?” एवढंच विचारलं. त्याची स्वतःची अंगठी, सोन्याची, कडेला बारीक रेघ असलेली, तोवर ठरूनही गेली होती.

खडा उंच दातऱ्यांवर नको, हेही भाचीने सांगितलं. रबरी हातमोजे अडकून फाटतात. सगळ्या बाजूंनी सोन्याची कड असलेलं बंद कोंदण करायचं ठरलं. सराफांनी घडणावळ सांगितली, आणि सोनं अठरा कॅरटचं घ्या म्हणाले. बावीसमध्ये शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग सोनं, ते मऊ. रोजच्या वापरात कोंदण सैल पडतं. अठरात पंचाहत्तर, ते घट्ट धरतं. शास्त्राला धरून होतं सगळं. विहीणबाईंना कानावर घालावं म्हणून मी फोन लावला. स्पिनेल त्यांनी एका दमात मान्य केला. वेगळं आहे म्हणाल्या, लोक विचारतील. मग मी अठरा कॅरटचं सांगितलं.

“अहो ताई,” पलीकडून आवाज आला, “आमच्याकडे अठराच्याला सोनं म्हणत नाहीत.”

भाचीने घड्याळ पाहिलं, क्लिनिकची वेळ झाली म्हणाली, आणि मला फोनवर तसंच सोडून निघून गेली.