भिंत किती जाड घालू?

मी घरांचे आराखडे काढतो. नवीन घराचा विचार घेऊन माझ्याकडे गोव्यात फोंड्याला येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत विचारतात, "एसी नको आहे, मग चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती किती जाड घालू?" डोळ्यांपुढे आजोबांचं घर असतं, भर मे महिन्यात उंबरा ओलांडताच अंगाला लागणारा गारवा असतो. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

तो गारवा एकट्या भिंतीचा नव्हता. जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री सोडते. राजस्थानात हे चालतं, कारण तिथली रात्र गार. भिंत पहाटेपर्यंत निवते. आपल्याकडे हवा दमट, दिवसा-रात्रीच्या तापमानात फरक थोडा. उघड्या पश्चिम भिंतीनं साठवलेलं ऊन नेमकं झोपायच्या वेळी खोलीत उतरतं. जुन्या घरात त्या भिंतीपर्यंत ऊन पोचतच नसे. उतरतं कौलारू छप्पर, खाली आलेली वळचण, पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी, मागे माड-फणस. तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाई, राजांगणामुळे, म्हणजे घराच्या मधल्या चौकामुळे, वारा खेळता राही.

घरांची ऊर्जा वाचवण्यासाठी केलेल्या केंद्र सरकारच्या २०१८च्या इको निवास संहितेतही वाऱ्याचा हाच विचार आहे. कोरड्या उष्ण प्रदेशात उघडता येणाऱ्या दारं-खिडक्यांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान एक दशांश, तर आपल्यासारख्या दमट उष्ण भागात एक षष्ठांश हवं.

ऊन बाहेरच अडवायचं, हे मी स्वतः चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात डिचोलीतल्या एका घराला पश्चिमेकडे मोठी काच दिली, डोंगर दिसावा म्हणून. चारनंतर तिथं बसवेना. पडदे लावून पाहिले, पण काचेतून ऊन आत आलं की पडद्याचा फारसा उपयोग नाही. शेवटी बाहेरून पडवी बांधून तिला उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी लावली, तेव्हा ती खोली वापरात आली.

उत्तरेकडेही गाफील राहू नका. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं. तिलाही छज्जा हवा.

म्हणून पैसा भिंतीऐवजी छपरावर घाला. सर्वांत जास्त ऊन तिथंच पडतं. स्लॅबवर उतारानं कौलं, मध्ये वीतभर पोकळी, आणि आढ्याशी हवेला बाहेर पडायला वाट.

जाडी वाढवली की चिरेही जास्त लागतात. चिरा भाजावा लागत नाही, खाणीतून कापला की तयार, म्हणून विटेपेक्षा त्याला ऊर्जा कमी लागते. पण सोडून दिलेल्या चिरेखाणी पावसात तुडुंब भरतात आणि त्यांत मुलं बुडतात, हे मला विसरता येत नाही. जवळपास एखादं जुनं घर पाडत असतील तर त्याचे चिरे आधी विचारा.

प्लॉटवर सकाळी नको, दुपारी चारला भेटू. ऊन कुठून येतं ते पाहूनच रेघ मारीन. तोवर कुंपणालगतच्या त्या फणसाला कुणाला हात लावू देऊ नका.