खांबावरचा कागद आणि अप्पांची हरकत

मुलाला शाळेत सोडून परत येताना गल्लीच्या कोपऱ्यावर शेजारच्या आजी दिव्याच्या खांबासमोर उभ्या दिसल्या. खांबाला एक कागद बांधला होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर-खाली पट्ट्यांनी आवळलेला. पिशवीवरून पावसाचं पाणी ओघळत होतं. आजी दर दोन ओळींनी चष्मा पुसत होत्या आणि छोट्या वहीत काहीतरी उतरवून घेत होत्या. आपल्याकडे खांबावरचा कागद म्हणजे क्लासची जाहिरात नाहीतर ‘खोली भाड्याने देणे आहे’. त्यामुळे इथे इंग्लंडमध्ये आल्यावर पहिलं वर्षभर मी असे कागद वाचलेच नव्हते. त्या दिवशी आजींमुळे थांबले.

गल्लीच्या टोकाच्या घराला मागच्या बाजूने दोन खोल्या वाढवायच्या होत्या, इतकीच बाब. पण बांधकामाची परवानगी मागणारा अर्ज कौन्सिलकडे आला, की आसपासच्या लोकांना ते कळवावं लागतं आणि लेखी म्हणणं मांडायला २१ दिवस द्यावे लागतात. आजींची खोल्यांबद्दल तक्रार नव्हती. त्यांनी लिहिलं ते वेगळंच: विटा-वाळूचा ट्रक कोपऱ्यावर उभा राहिला तर शाळेत जाणाऱ्या मुलांना रस्ता ओलांडताना समोरची गाडी दिसणार नाही. पुढे परवानगी मिळाली, पण शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी ट्रक आणायचा नाही, ही अट घालून. ऐंशीच्या घरातल्या बाईंनी लिहिलेल्या चार ओळींमुळे ट्रकची वेळ बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून खांबावरचा प्रत्येक कागद वाचते.

मी राहते ते इंग्लंडच्या मध्य भागातलं एक मध्यम आकाराचं शहर. इथली कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिकाच म्हणा, फक्त कामांचा पसारा मोठा. कचरा, रस्त्यावरचे दिवे, उद्यानं, वाचनालयं हे तर आहेच, शिवाय एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतीला बाई पाठवणं, अपंगांची सोय पाहणं, अनाथ मुलांना सांभाळणं हेही कौन्सिलकडेच. आपल्या घरपट्टीसारखा इथे कौन्सिल टॅक्स असतो. तो घराची १९९१ साली जी किंमत झाली असती तिच्यावरून ठरतो, आज घर कितीला का विकलं जाईना. आणि हे सगळं आता जड जाऊ लागलंय. २०१० नंतर वरून येणारा पैसा आटत गेला, म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या सांभाळाचा खर्च मात्र वाढतच राहिला. २०२३ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराच्या कौन्सिलने खर्चाचा मेळ बसत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली, तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर दुसरा विषय नव्हता.

पैसा कमी पडला की कुऱ्हाड आधी कुठे पडते? वाचनालयावर. आमच्या भागातलं वाचनालय आठवड्यातून पाचऐवजी दोनच दिवस उघडायचं, असा प्रस्ताव आला. हे वाचनालय माझ्यासाठी काय आहे ते थोडं सांगते. आल्या आल्या नोकरी नव्हती, घर थंडगार, ओळखीचं कोणी नाही. कडेवरच्या मुलाला घेऊन मी तिथे जाऊन बसायचे. हीटरशेजारच्या खुर्चीत बसून मी इथलं इंग्रजी कानात मुरवून घेतलं. माझ्या मुलाने पहिलं पुस्तक स्वतः निवडलं तेही तिथेच. त्यामुळे प्रस्ताव वाचला आणि पोटात खड्डा पडला.

कौन्सिलने लोकांचं म्हणणं मागवलं होतं. फॉर्म होता आणि वाचनालयातच एक संध्याकाळची बैठक होती. पुस्तकांची चाकांवरची कपाटं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, दारापाशी चहाची किटली, टेबलावर नकाशा आणि खर्चाचा तक्ता. अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी आधी आकडे सांगितले, मग लोकांना बोलू दिलं, आणि लोक बोलले. एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही सांगता त्या दुसऱ्या वाचनालयाला जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि संध्याकाळी सहानंतर त्यातली एक बंद होते. अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं आणि तेवढंच वाक्य मोठ्याने परत वाचून विचारलं, ‘मी बरोबर लिहिलंय ना?’ तो क्षण माझ्या मनातून जात नाही. सरकारी माणूस सामान्य माणसाचं म्हणणं त्यालाच वाचून दाखवतोय आणि बरोबर आहे का विचारतोय, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

फॉर्मवर मात्र मी नाराज होते आणि आजही आहे. तीन पर्याय दिलेले, तिन्ही कपातीचेच. यातला कोणता आवडेल, हा कसला प्रश्न झाला? माझ्याबरोबरच्या एका पोलिश बाईने फॉर्म तसाच ठेवून दिला. तिचं म्हणणं, सगळं ठरलेलंच आहे. मी शेवटच्या रिकाम्या चौकोनात लिहिलं, की आठवडाभर कामाला जाणाऱ्या आई-बापांना मुलांना घेऊन यायला शनिवारच मिळतो. दिवस कमी करायचेच असतील तर शनिवार सोडून करा. चार महिन्यांनी अहवाल आला. पाचचे तीन दिवस झाले होते आणि शनिवार राहिला होता. अहवालाच्या मागच्या पुरवणीत लोकांची वाक्यं छापली होती. त्यात ‘एक पालक’ या नावाखाली माझं वाक्य होतं. दोन दिवस गेले याचं दुःख आहेच. पण का गेले, कोणी काय म्हटलं आणि त्यातलं काय मानलं नाही, हे छापून हातात आलं.

हे सगळं इथल्या अधिकाऱ्यांच्या भलेपणावर चालतं असं समजू नका. मी त्याच्या मुळाशी गेले तर कोर्टाचे निकाल सापडले. १९८५ साली लंडनच्या ब्रेंट भागात शाळा बंद करण्यावरून खटला झाला. त्यातून चार कसोट्या निघाल्या, गनिंग तत्त्वं म्हणतात त्यांना. मत मागायचं ते प्रस्ताव अजून घडत असताना. लोकांना विचार करता येईल इतकी कारणं आणि माहिती द्यायची. उत्तराला पुरेसा वेळ द्यायचा. आणि आलेली मतं निर्णयाआधी मनापासून विचारात घ्यायची. २०१४ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने हॅरिंगे कौन्सिलच्या प्रकरणात या कसोट्यांवर शिक्कामोर्तब केलं. गरिबांना कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी सवलत कमी करताना त्या कौन्सिलने लोकांपुढे एकच वाट ठेवली होती. दुसऱ्या वाटा होत्या आणि त्या का सोडल्या, हे सांगितलंच नाही. कोर्ट म्हणालं, हे विचारणं बेकायदा आहे. आमच्या वाचनालयाच्या फॉर्मवरचा माझा राग बिनबुडाचा नव्हता, हे त्या दिवशी कळलं.

आणि हो, गावाकडून नेहमी विचारलं जातं म्हणून सांगते: कौन्सिलला मत कळवायला इथलं नागरिक असावं लागत नाही. इतकंच काय, भारतीय पासपोर्टवर कायदेशीर राहणाऱ्या माणसाला इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीत मतदानही करता येतं, कारण आपला देश राष्ट्रकुलात आहे.

आता घरची गोष्ट. माझं माहेर खान्देशातल्या एका नगरपालिकेच्या गावात. नाव लिहीत नाही, कारण पुढची गोष्ट अजून चालू आहे. रोज रात्री अप्पांशी, म्हणजे वडिलांशी, बोलणं होतं. वाचनालयाचा अहवाल आला त्या रात्री मी त्यांना माझं छापलेलं वाक्य वाचून दाखवलं. अप्पा खूश झाले, मग गप्प झाले, मग म्हणाले, ‘आठे आपले कोन इचारस, बेटा?’ इथे आपल्याला कोण विचारतं?

त्यांचं बोलणं खरंच होतं. मधली काही वर्षं तर निवडणुकाच रखडल्या होत्या, पालिकेवर प्रशासक. नळाला पाणी कधी येणार हे विचारायला नगरसेवकही नव्हता. पण पूर्ण खरंही नव्हतं. अप्पांनीच मागे सांगितलं होतं, की आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेवरचं उद्यानाचं आरक्षण बदलून तिथे दुकानांचे गाळे काढायचं घाटतंय आणि पेपरात बारीक अक्षरांत नोटीस आली आहे. त्या नोटिशीच्या शेवटी काय होतं? ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.’ म्हणजे विचारलं होतं. बारीक अक्षरांत, निविदांच्या गर्दीत, कोणाच्या डोळ्याला पडू नये असं विचारलं होतं, पण विचारलं होतं. कारण विचारावंच लागतं. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातल्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, हरकत घेणाऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि अखेरची मंजुरी राज्य सरकारची असते. गावाला ग्रामसभा आहे. शहरांसाठीही २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली. किती जणांनी आपल्या प्रभागात क्षेत्रसभा भरलेली पाहिली आहे?

मी म्हटलं, ‘अप्पा, आबांच्या फडावर कोणी विचारायचं का?’ माझे आजोबा साक्री तालुक्यातले, पांझरेच्या काठचे. तिकडच्या वाचकांना फड सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात: नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या सगळ्या वावरांचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. यंदा ऊस कोणत्या फडात, कोणता फड विसाव्याला, हे पाटाखालचे शेतकरी एकत्र बसून ठरवणार. तीनशेहून जास्त वर्षं जुनी रीत. पाणी सोडायला पाटकरी ठेवलेला, त्याचा मेहनताना सगळ्यांनी मिळून द्यायचा, आणि पाटातला गाळ काढायला घरटी माणूस हजर. पुढे थोर इंजिनिअर झालेले विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये सरकारी नोकरीत लागले तेव्हा त्यांना अगदी सुरुवातीलाच पांझरेच्या पाटावर सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारा नळ, बांधायचं काम मिळालं. तरुण वयात त्यांनी हा मुलूख पाहिला.

अप्पा लहानपणी आबांबरोबर त्या बैठकीला जायचे. त्यांनी सांगितलं, की पाटाच्या शेवटी ज्याचं वावर असेल त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय आबा उठायचे नाहीत, कारण पाणी तुटलं तर पहिलं त्याचं तुटणार. बैठक मारुतीच्या पारावर, पाटाचं पाणी यायच्या आधी. ‘आधी’ हा शब्द अप्पांनी उच्चारला आणि मी ताडकन उठून बसले. ब्रेंटच्या खटल्यातली पहिली कसोटी तीच तर होती.

त्या रात्री आम्ही दोघांनी हरकत लिहायला घेतली. मोबाइल टेबलावर, अप्पांचा आवाज, माझं टायपिंग. अप्पांचा पहिला मसुदा दोन पानांचा, त्यात राजकारण्यांवर दीड पान. ते काढायला मला फार बोलावं लागलं. मी म्हटलं, अप्पा, बसवाल्या गृहस्थासारखं लिहा. दोन बस आणि सहा वाजता. मग अप्पांनी सकाळी जाऊन ती जागा पावलांनी मोजली, तिथली सगळी कडुनिंबाची झाडं मोजली, संध्याकाळी किती मुलं खेळतात आणि किती म्हातारी माणसं ओट्यावर बसतात हे तीन दिवस मोजलं, जवळचं दुसरं उद्यान किती लांब आहे आणि मध्ये हायवे ओलांडावा लागतो हे लिहिलं. शेवटी एक प्रश्न टाकला: गाळ्यांसाठी दुसऱ्या कोणत्या जागांचा विचार झाला आणि त्या का नाकारल्या? हॅरिंगेचं नाव त्यात नाही, पण प्रश्न तिथलाच आहे.

पालिकेत अर्ज द्यायला गेल्यावर आवक खिडकीवरचा माणूस म्हणाला, ठेवून जा. अप्पा चाळीस वर्षं मास्तर होते. ते म्हणाले, पोच द्या. साहेब जेवायला गेलेत. मग बसतो. सव्वा तास बाकावर बसून अप्पांनी दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घेतला आणि तिचा फोटो मला पाठवला. शिक्का तिरका पडलाय, शाई फिकी आहे, पण तारीख नीट वाचता येते. मुदतीच्या दोन दिवस आधीची. वाचणाऱ्यांपैकी कोणी पालिकेला काही लिहून देणार असेल तर एवढं ऐका: पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसेल तर तुमची हरकत आलीच नव्हती म्हणायला कोणाला काही लागत नाही.

कॉलनीतून आधी अप्पांची एकट्याची हरकत गेली होती. शिक्क्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर पडला आणि उरलेल्या दोन दिवसांत आणखी अकरा गेल्या. त्यातली एक सरलाकाकूंची, हाताने लिहिलेली, वहीच्या पानावर. त्यांनी फक्त इतकं लिहिलंय की त्यांचे यजमान पडल्यापासून काठी घेऊन तेवढ्याच मैदानापर्यंत चालू शकतात.

परवा सुनावणीचं पत्र आलं. पुढच्या बुधवारी, सकाळी अकरा. अप्पांनी फोन केला तो थेट मुद्द्यावर. ‘त्या चार गोष्टी तू सांगितल्या व्हत्यात, त्यातली पहिली मराठीत कशी लिखू?’

मी म्हटलं, ‘ठरवण्याआधी विचारावे.’

पलीकडून पेनाचा आवाज आला. त्यांनी ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग विचारलं, ‘कितल्या प्रती काढू?’

‘तीन, अप्पा. आणि एकीवर शिक्का.’