कोल्हापुरात लिव्हिंग विल करताना

लिव्हिंग विल म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवणं. ते म्हटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न येतो, "म्हणजे इंजेक्शन देऊन मारणार?" नाही. तो आपल्याकडं गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली ती एवढ्यालाच, की बरं होण्याची आशा संपल्यावर यंत्रं लावू नयेत किंवा लावलेली काढावीत. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३ च्या बदलानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं.

नोटरी लगेच मिळतो. खरा वेळ मी मजकुराला दिला. "मला त्रास देऊ नका" या वाक्यावरून आयसीयूतला डॉक्टर काहीच ठरवू शकत नाही. म्हणून एकेक उपचार नाव घेऊन लिहिला: व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीनं अन्न, हृदय थांबल्यावर छातीवर दाब देणं. (या दाब देण्याला सीपीआर म्हणतात, पण आपल्या गावात सरकारी दवाखान्याचं नावही सीपीआर; नुसतं 'सीपीआर नको' लिहिलं तर लोक तो दवाखाना समजतील.) बरं होण्यासारखं दुखणं असेल तर सगळं करा, हेही घातलं. व्हेंटिलेटर लावून बघायचाच असेल तर किती दिवसांनी फेरविचार करायचा, तेही.

वेदनाशामक, धाप कमी करणारी औषधं आणि तोंडाची निगा शेवटपर्यंत हवी, ही ओळ वेगळी लिहावी. मॉर्फिनला घरचे उगाच घाबरतात. डॉक्टरनं हळूहळू वाढवलेल्या डोसनं श्वास बंद पडत नाही; बद्धकोष्ठ मात्र ठरलेलं, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू करायचं.

निर्णयासाठी दोन नावं दिली. एकटा मुलगा पुण्यात असेल तर मध्यरात्री सही कोण करणार? एक प्रत त्या दोघांकडं, एक फॅमिली डॉक्टरकडं, एक स्थानिक संस्थेच्या कस्टोडियनकडं, म्हणजे हे कागद जपायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडं; शहरात महापालिका, खेड्यात पंचायत. आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं.

प्रत्यक्ष वेळ आली की यंत्रं काढायची का हे डॉक्टरांची दोन मंडळं ठरवतात. आधी प्राथमिक मंडळ: उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ, तेही तिघांचं, पहिल्यातलं कुणी नको, आणि एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला. निर्णय शक्यतो ४८ तासांत. यंत्र काढण्यापूर्वी दवाखान्यानं मॅजिस्ट्रेटला नुसतं कळवायचं. गाडी अडते ती दुसऱ्या मंडळाशी. लहान दवाखान्यात इतके तज्ज्ञ जमत नाहीत, मग घरचे डामावर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर) सही करून पेशंट घरी नेतात आणि तो वाटेतच गुदमरतो. माझ्या मते हा सगळ्यात वाईट मार्ग. दवाखाना निवडतानाच विचारावं, "दुय्यम मंडळाची सोय आहे का?" परवानगी नाकारली तर हायकोर्टात जाता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथंच असल्यानं त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.